खिडकीजवळची फुलदाणी

निशिगंधाच्या काड्या, शेवंती आणि लाल जरबेरा. फुलदाणी उत्तरेच्या खिडकीशी ठेवली आणि आधी दिवा बंद केला. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की पांढरा निशिगंध आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स कुठलाही लावा, एक बाजू बिघडतेच. सावलीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला. आयएसओ १००, एफ/८, शटर अर्धा सेकंद. म्हणजे ट्रायपॉड हवाच, आणि पंखाही बंद. (घरच्यांचा याला आक्षेप असतो, तो रास्तच आहे.)

छळतो तो जरबेरा. सेन्सरचा लाल चॅनेल आधी भरतो, पाकळ्यांच्या रेषा पुसल्या जातात, नुसता डाग उरतो. म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवायचं, लाल रंगाचा हिस्टोग्राम वेगळा पाहायचा. आणि फ्लॅश? समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये ताजी फुलंसुद्धा मला प्लॅस्टिकची वाटतात.