अंगठ्याखालचं अधिक चिन्ह
'काँट्रा' या जुन्या व्हिडिओ गेममध्ये समोरून गोळी आली की खाली झोपायचं असतं. नुसतं 'खाली' दाबलं की शिपाई आडवा होतो. 'खाली'सोबत 'उजवीकडे'ही लागलं, की तो तिरका नेम धरून धावत सुटतो आणि थेट गोळीवर जाऊन मरतो. हातात धरायचा रेट्रो कन्सोल घेतला तेव्हा सुरुवातीला माझा शिपाई असाच मरायचा. त्या यंत्रावर अंगठा सहज टेकतो तिथे ॲनालॉग स्टिक, म्हणजे हव्या त्या बाजूला कलणारी छोटी दांडी आहे, आणि डी-पॅड, म्हणजे दिशांचं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण, तिच्याखाली, कोपऱ्यात ढकललेलं. स्टिक सरळ खाली ओढली असं वाटतं, पण ती कणभर उजवीकडे कललेली असते. जुन्या खेळांना 'कणभर' कळत नाही. दाबलंय की नाही, एवढंच कळतं.

लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर, पिवळ्या कॅसेटमधला हाच खेळ आम्ही भावंडं तासन्‌तास खेळायचो, तो अधिक चिन्हाच्या बटणावर. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ते 1982 मध्ये 'डाँकी काँग'च्या घडीच्या गेमसाठी आणलं. डबीसारखं मिटणाऱ्या यंत्रावर उभा दांडा कुठे मावणार? पुढच्याच वर्षी ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आलं. रचना साधी आणि फार हुशारीची: एकसंध तुकडा मधोमध टेकलेला, एक बाजू दबली की समोरची उचलली जाते. त्यामुळे डावं-उजवं एकदम लागत नाही, आणि कडा बोटाला कळत असल्याने खाली बघावंही लागत नाही.

म्हणून मी डी-पॅडवर आलो, तर तिथेही नको तेव्हा तिरक्या दिशा लागायला लागल्या. शेवटी स्क्रू काढले. आत करड्या रबराची चटई, तिच्या चार फुगवट्यांखाली काळ्या कार्बनच्या टिकल्या आणि त्याखाली बोर्डावर एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या. टिकली पट्ट्यांवर टेकली की दिशा लागते. रबर इतकं मऊ होतं की अंगठा जरा कलला तरी शेजारची टिकलीही टेकायची. पातळ चिकटपट्टी बारीक कापून प्रत्येक दिशेच्या पट्ट्यांचा थोडा भाग झाकला. आता दिशा नीट दाबल्याशिवाय लागत नाही, आणि शिपाई सांगितल्यावर झोपतो!

स्टिकचा मान वेगळ्या खेळांत आहे. 1996 च्या 'सुपर मारिओ 64'मध्ये झोपलेल्या मांसभक्षी झाडाजवळून चवड्यांवर, हळूच जावं लागतं. स्टिक जितकी कलेल तितका चालीचा वेग. तोच खेळ 2004 मध्ये निन्टेन्डो डीएसवर आला. त्या यंत्राला स्टिक नव्हती, त्यामुळे डी-पॅडवर चालायचं आणि धावायला वेगळं बटण दाबून ठेवायचं. खेळता येतं, पण पावलांतली नजाकत जाते. उलट, डी-पॅडसाठीच बनलेले 8 आणि 16 बिटचे जुने खेळ डोळ्यांपुढे ठेवून विकलेल्या यंत्रांवर स्टिक वर आणि डी-पॅड खाली बघितला की मला वाईट वाटतं. बनवणाऱ्यांनी ते खेळ स्वतः खेळून बघायला हवेत.

भाच्यासाठी यंत्र घेताना स्क्रीन आणि बॅटरी नंतर पाहिली. आधी 'स्ट्रीट फायटर' लावला, 'पुढे' दाबून धरलं आणि अंगठा वर-खाली डोलवला. डी-पॅड कच्चा असेल तर खेळाडू मध्येच उडी मारतो. हा चालत राहिला, तेव्हाच पैसे दिले.