मला गाडी येत होती

2006 साली आम्ही पुण्याहून स्विंडनला आलो तेव्हा मला गाडी येत होती. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. काहीच येत नसतं, तर एखाद्या सतरा वर्षांच्या पोरासारखी मुकाट्याने शिकले असते. पण मी संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्यावरून मारुती आठशे काढलेली बाई. इथेही डावीकडूनच चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडेच. मग अवघड काय असणार? त्यात इथे राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय परवाना चालतो असं कळलं. मी ते माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेलं प्रशस्तिपत्रक समजले.

स्विंडन हे मूळचं रेल्वेच्या कारखान्याचं गाव. कामगारांसाठी बांधलेल्या घरांच्या जुन्या रांगा अजून आहेत. तेव्हा कुणाकडे मोटार नव्हती, त्यामुळे गॅरेजही नाही. आता दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि मधून एकच गाडी जाईल एवढी वाट उरते. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने थांबायचं. पहिल्याच आठवड्यात समोरच्याने डिपर दिला. पुण्यात डिपरचा अर्थ एकच: मी येतोय, तू थांब. मी थांबले. तोही थांबला. त्याने पुन्हा डिपर दिला, मी आणखी कडेला सरकले. शेवटी त्याने काच खाली करून हाताने ‘या, या’ केलं तेव्हा लक्षात आलं, की हा मला आधी जाऊ देतोय. इथे डिपर म्हणजे ‘तुम्ही निघा’. मग जाताना स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून आभार मानायचे. मला हे फार आवडलं. थोड्याच दिवसांत मी स्वतः लोकांना डिपर देऊन वाट सोडायला लागले, आणि पुण्याला फोन केला की तिथल्या मंडळींना इथल्या सभ्यतेवर प्रवचनही द्यायचे.

हे आवर्जून सांगतेय, कारण पुढे जे झालं तेव्हा मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका संध्याकाळी मी मोठ्या रस्त्याने घरी येत होते. डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाडी हळूहळू नाक पुढे काढत होती. ती मध्ये येणार असं वाटलं आणि हात आपोआप दांडीवर गेला. लांबलचक डिपर दिला, अस्सल पुणेरी. समोरच्याने तो अस्सल इंग्रजी समजून घेतला आणि निवांतपणे बाहेर आला. मी ब्रेक मारला, पण त्याच्या पुढच्या चाकाजवळचा पत्रा आत गेलाच.

कुणाला लागलं नाही. गाडीत एक आजोबा होते, शेजारी आजी, आणि आजींच्या मांडीवर नर्सरीतून आणलेल्या रोपांचा ट्रे. माती डॅशबोर्डपर्यंत उडालेली. आजोबा उतरले आणि पहिल्यांदा त्यांनीच सॉरी म्हटलं. मग जरा वेळाने, तक्रार म्हणून नव्हे, खरंच न कळल्यासारखं म्हणाले, “पण तुम्ही लाइट दिलात ना मला?”

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. रात्री काय केलं ते मात्र नीट आठवतं. हायवे कोड उघडून बसले आणि त्यात मला खजिना सापडला. नियम 110: आपण इथे आहोत हे इतरांना कळवण्यापुरताच डिपर द्यावा, दुसरा कोणताही निरोप देण्यासाठी देऊ नये. नियम 111: समोरच्याने डिपर दिला म्हणजे आपल्याला जायला सांगितलं, असं कधीही गृहीत धरू नये. म्हणजे पुस्तकाप्रमाणे पुणं बरोबर आणि अख्खं ब्रिटन चूक! विम्याच्या फॉर्मवर मी दोन्ही नियमांचे क्रमांक टाकले आणि लिहिलं, की माझ्या उपस्थितीची सूचना म्हणून मी डिपर दिला होता. अक्षर न् अक्षर खरं होतं. त्याच रस्त्यांवर कित्येक महिने मी डिपर मिळाला की निघत होते आणि दुसऱ्यांनाही काढत होते, एवढंच त्यात लिहिलं नव्हतं.

दोन्ही विमा कंपन्यांनी चूक अर्धी-अर्धी वाटून घेतली. माझा हप्ता वाढला. काही महिन्यांनी ते दोघं मला बसस्टॉपवर दिसले, हातात पिशव्या घेऊन. पुढे एका ओळखीच्या बाईंकडून कळलं, की त्या दिवसानंतर आजोबांनी गाडी विकून टाकली. आजी कधी चालवतच नव्हत्या. बसस्टॉपपाशी मी गाडी थांबवली नव्हती. थांबून बोलणार काय होते? नियम 110?

वर्ष संपत आलं तसा इथला परवाना काढावा लागणार हे उघड झालं. थिअरीची परीक्षा मी पाठांतराच्या जोरावर पास झाले. त्या बाबतीत आपल्या शाळांना तोड नाही. प्रत्यक्ष गाडीसाठी नवरा म्हणाला, दोन-चार धडे घे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं बरीच आहेत, माझे मास्तरही तिकडचेच निघाले. उतारावर मी गाडी न्यूट्रलला टाकली तशी त्यांनी डोक्यालाच हात लावला. कात्रजच्या उतारावर पेट्रोल वाचवायची ती जुनी सवय. इथे परीक्षेत ती चूक धरतात, कारण गिअर नसला की इंजिनाचा गाडीवर धरबंध राहत नाही. मास्तर म्हणाले, “बाय, तुका येता, तोच प्रॉब्लेम.” मला राग आला. धडे बंद केले.

परीक्षेत पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ असतात, गंभीर चूक एकही चालत नाही. माझी धास्ती होती ती गावातल्या मॅजिक राउंडअबाउटची. 1972 साली बांधलेलं हे प्रकरण म्हणजे पाच छोटी वर्तुळं एका मोठ्या वर्तुळाभोवती, आणि आतल्या बाजूला गाड्या चक्क उलट्या दिशेने फिरतात. त्याचे नकाशे काढून मी पाठ केले होते. नापास झाले ती एका वस्तीतल्या, रस्त्यावर पांढऱ्या रंगाने नुसता ठिपका काढलेल्या मिनी राउंडअबाउटवर. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम इथे 1966 पासून आहे. उजवीकडून एक व्हॅन येत होती, पण लांब होती. कर्वे रस्त्याच्या मानाने तर मैलभर लांब. मी शिरले, तिला ब्रेक मारावा लागला. परीक्षकाने काहीही न बोलता कागदावर एक रेघ ओढली. मी मात्र पुढची वीस-पंचवीस मिनिटं आपण मस्त चालवतोय अशाच समजुतीत होते.

मास्तरांकडे परत गेले. त्यांनी काही ऐकवलं नाही, फीसुद्धा वाढवली नाही.

डिझेलची हकीकत थोडक्यात उरकते, कारण तिच्यात शिकण्यासारखं फारसं नाही, फक्त बिल आहे. पुण्यात पंपावरचा मुलगा “मॅडम, झिरो बघा” म्हणायचा, आपण झिरो बघायचा आणि पैसे द्यायचे. इथे स्वतः उतरून भरायचं. आम्ही जुनी डिझेल गाडी घेतली होती. इथे डिझेलच्या नळीची मूठ काळी, पेट्रोलची हिरवी. डिझेलची नळी जाड असते, ती पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरत नाही. पेट्रोलची बारीक नळी डिझेलच्या गाडीत मात्र अलगद जाते; अक्कल वापरायची संधी जिला मिळते ती नेमकी डिझेलवालीच. पैसे द्यायला गेले तेव्हा गल्ल्यावरच्या मुलीने बिलावर पेट्रोल म्हटलं आणि पोटात गोळा आला. इथवर नुकसान थोडं होतं. गाडी चालू केली नाही तर टाकी उपसून काम भागतं. पण माझ्यामागे रांग लागली होती आणि लोक काय म्हणतील ही भीती मी पुण्याहून सोबत आणलेली. नुसती बाजूला घेऊ म्हणून मी किल्ली फिरवली. या गाड्यांच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल गेलं की धातूवर धातू घासतो. पंप, इंजेक्टर, सगळं बदललं. रांगेतल्या एकानेही हॉर्न वाजवला नव्हता.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली. मग एक पत्र आलं. कॅमेऱ्याने गाडी टिपली की चौदा दिवसांच्या आत मालकाला नोटीस पाठवावी लागते, आणि ती वेळेत आली होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन असलेला रुंद रस्ता, मर्यादा तीस मैल, मी एकोणचाळीस. शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन पॉइंट, नाहीतर स्पीड अवेअरनेसचा वर्ग. वर्ग एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. चहा, बिस्किटं आणि खाली मान घातलेली वीसेक मध्यमवयीन माणसं. शिकवणाऱ्या बाईंनी एकेकाला विचारलं, कशाची घाई होती? गंमत म्हणजे घाई कुणालाच नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “तिथे बोर्डच नव्हता.”

“दिवे होते का?”

“म्हणजे?”

रस्त्याला दिव्यांचे खांब आहेत आणि वेगळा आकडा लिहिलेला नाही, तर मर्यादा तीसच. वस्तीतला हा तीसचा नियम 1935 पासूनचा. उलट अशा रस्त्यावर तीसचे बोर्ड पुन्हा पुन्हा लावतच नाहीत. हे मी थिअरीसाठी पाठ केलं होतं, परीक्षेत बहुधा बरोबर खूणही केली होती. त्यानंतर खांबांकडे कधी बघितलं नाही. तीसच्या वेगाला गाडी थांबायला तेवीस मीटर लागतात, चाळीसला छत्तीस. बाईंनी ते अंतर हॉलभर चालून दाखवलं. हॉल संपला, अंतर संपलं नाही.

आतापर्यंतच्या चुका सवयीच्या नावावर खपवता येतील. पुढची नाही. ती मी पूर्ण शुद्धीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून, चहा पीत केली.

मुलगा अठराचा झाला, पहिल्याच झटक्यात परीक्षा पास झाला (हे त्याने मला बरेचदा ऐकवलं), आणि बाहेरगावी कॉलेजला निघाला. त्याला एक जुनी छोटी गाडी घेतली. विम्याचे आकडे बघितले तर गाडीपेक्षा विमा महाग. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. परवाना असलेल्या कुणालाही मालकाने गाडी दिली तरी चालतं. इथे विमा माणसाचा. कोण चालवणार, वय काय, काम काय, गाडी रात्री कुठे उभी असते, सगळं विचारतात. फॉर्मवर मुख्य चालक म्हणून माझं नाव घातलं आणि मुलाला अधूनमधून चालवणारा दाखवलं, की आकडा निम्म्याच्याही खाली यायचा. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि तो फसवणुकीचा प्रकार आहे. हे मला माहीत होतं. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत मी दोघा-तिघांना विचारलं होतं आणि सगळे म्हणाले होते, अहो, सगळेच करतात. मला तेच ऐकायचं होतं. नको ते सांगेल अशा माणसाला मी विचारलंच नव्हतं. मुलगा म्हणाला, “आई, पण गाडी तर मीच चालवणार ना?” मी म्हटलं, “घरचीच गाडी आहे.”

पावसात सिग्नलला त्याने एका व्हॅनला मागून धडक दिली. वेग फार नव्हता, पण व्हॅनवाल्याची मान दुखावली. विमा कंपनीतून फोन आला. मुलगी गोड बोलत होती. गाडी रोज कोण वापरतं? मी म्हटलं, मी. बरं, ऑफिसला याच गाडीने जाता? हो. मग तुमच्या नावावर दुसऱ्या गाडीचा विमा दिसतोय, त्यातही तुम्ही मुख्य चालक आहात आणि तीही ऑफिसला जायला वापरता असं लिहिलंय, ते कसं?

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, “कधी ही, कधी ती.” तिकडून थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज आला. मग तिने विचारलं, अपघात झाला तेव्हा गाडी तुमच्या घरापासून इतकी दूर का होती, आणि महिनाभर तिथेच का होती?

पॉलिसी मुळापासून रद्द झाली. आमच्या गाडीचा एक पैसाही मिळाला नाही. कायद्यानुसार व्हॅनवाल्याला कंपनीने भरपाई दिली आणि ती आमच्याकडून वसूल केली. ते हप्ते आम्ही बराच काळ फेडत होतो. पोलिसांनी विनाविमा गाडी चालवल्याचं प्रकरण लावलं असतं, तर मुलाला सहा पॉइंट बसले असते. पास होऊन दोन वर्षं व्हायच्या आत सहा पॉइंट झाले की परवाना जातो आणि थिअरीपासून पुन्हा सुरुवात. ते टळलं. टळण्यात माझी काही कर्तबगारी नाही.

मुलगा भांडला नाही. स्वतःच्या नावाने, गाडीत वेगाची नोंद ठेवणारं यंत्र बसवून, जबर हप्ता भरून त्याने विमा घेतला. पैसे सुपरमार्केटात रात्रपाळी करून आणले. मी देऊ केले, ते घेतले नाहीत.

दर वर्षी नूतनीकरणाला विचारतात: कुठल्या कंपनीने तुमची पॉलिसी कधी रद्द केली आहे का? फॉर्मवर ‘हो’ला टिचकी मारली की बऱ्याच कंपन्या पुढचं पानच उघडत नाहीत, त्यामुळे मला फोन करावा लागतो. पहिल्या वर्षी मी लांबण लावली होती, भारतात पद्धत कशी वेगळी आहे इथपासून. आता एका वाक्यात सांगते: मुलाच्या गाडीसाठी स्वतःचं नाव खोटं लावलं होतं. पलीकडचा माणूस टाइप करतो, मग आकडा सांगतो, आणि मी कार्डाचा नंबर द्यायला घेते.