ठसका थांबला, शेंगदाणा आतच होता

भुईमूग निघाला की पारोळ्यात घरोघरी शेंगदाणे भाजतात. त्या दुपारी मीही चटणीसाठी भाजलेले दाणे परातीत गार करायला ठेवले होते. आमची तीन वर्षांची धाकटी मूठभर दाणे घेऊन भावामागे पळत होती. पळता पळता हसली आणि ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं.

शेजारच्या आक्का धावत आल्या. म्हणाल्या, "तिले पानी पाज." पण ती जोरात खोकत होती, म्हणून मी पाणी दिलं नाही. पुढे वाकवून खोकू दिलं. थोड्या वेळाने ठसका थांबला आणि ती परत खेळायला पळाली. दाणा निघाला असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

रात्री झोपेत तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. सर्दी नाही, ताप नाही. सकाळी दवाखान्यात नेलं, ठसक्याचं सांगितलं. छातीचा फोटो काढला, तो साफ आला. खोकल्याचं औषध घेऊन घरी आलो.

औषध संपत आलं तरी खोकला हटेना. मग बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग दोन्ही बाजूंना नळी लावून तपासलं. उजव्या बाजूला हवा कमी जात होती. ते म्हणाले, शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. फोटो साफ असला तरी दुर्बिणीने बघावंच लागेल. त्यासाठी धुळ्याला जायचं होतं, पस्तीसेक किलोमीटर. लगेच निघालो.

भूल द्यायची म्हणून तिला उपाशी ठेवलं होतं. ती सारखं बिस्कीट मागत होती. मी तिला ह्यांच्याकडे दिलं आणि जिन्यात जाऊन बसले. संमतीपत्रावर काय लिहिलंय ते वाचलंच नाही, सही करून टाकली. संध्याकाळी डॉक्टरांनी अर्धा दाणा दाखवला. फुगून मऊ झाला होता. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास मोकळा झाला.

डॉक्टरांनी कारणही सांगितलं. दुधाच्या दाढा साधारण तीन वर्षांपर्यंत येतात, पण टणक दाणा नीट चावून गिळणं त्यानंतरही बरेच दिवस जमत नाही. या वयात श्वासनलिका मुलाच्या करंगळीएवढीच असते. हसताना, पळताना जोरात श्वास घेतला की दाणा आत ओढला जातो. तो ओलाव्याने फुगतो, त्याच्या तेलाने आतून सूज येते. सरकून मुख्य नळीत अडकला, तर मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. आवाजच निघत नसेल, तर दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच दणके द्या. तरी निघालं नाही, तर मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही. त्याच्या छातीवर मधोमध एका तळहाताच्या टाचेने दाबायचं.

आता आमच्याकडे दाणे डब्यात, वरच्या फळीवर. धाकटीला कूट किंवा कुटाचा लाडू मिळतो. अख्खे दाणे, फुटाणे, चिंचोके, सुपारी पाच वर्षांपर्यंत नाही. खाणं एका जागी बसूनच. अंगणवाडीच्या ताईंनी पालकसभेत मला हे सांगायला लावलं, तेव्हा आणखी दोघींनी घरी असाच ठसका लागल्याचं सांगितलं.

ठसका थांबल्यावरही खोकला राहिला, किंवा छातीत शिट्टी वाजली, तर थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर नुसतं "खोकला आहे" म्हणू नका. "शेंगदाणा खाताना ठसका लागला होता," असं सांगा, आणि फोटो साफ आला तरी पुन्हा सांगा.