धान, मासोळी आणि मामा तलाव

आषाढ निम्मा सरला, की नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या गावांत सकाळची पहिली चौकशी पाण्याची व्हायची. तलाव कुठवर आला? सलंग निघाला का? तलाव भरल्यावर जादा पाणी ज्या वाटेनं बाहेर पडतं, तो सलंग. तो वाहू लागला, की म्हाताऱ्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि पोरं टोपल्या घेऊन तिकडं धावायची. वाहत्या पाण्यात मासे उलटे चढतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नसे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव; लोकांच्या तोंडी मामा तलाव. याशिवाय शेताशेतातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्याच. या झाडीपट्टीत पाऊस तसा उदंड, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो सगळा चार महिन्यांत येतो आणि नेमका धान निसवायच्या वेळी, हस्ताच्या आसपास, दडी मारतो. तेव्हाचं एक पाणी चुकलं, की रोवण्यापासूनची सगळी मेहनत वाया. ते एक पाणी हाताशी राहावं म्हणून माणसांनी टेकड्यांच्या बेचक्यांत माती रचली.

रचणाऱ्यांत कोहळी समाजाचं नाव मोठं. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, एक गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि येताना तलाव बांधणारी ही माणसं सोबत घेऊन आला, अशी कथा रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. कथा कितपत खरी, हा वाद बाजूला ठेवला तरी जमिनीचा उतार ओळखणारी कोहळ्यांची नजर खरीच होती. ज्यानं तलाव बांधला त्याला त्याखालची जमीन, असं गोंड राजांचं धोरण सांगतात. पाणी कुठून येईल, कुठं थांबेल आणि किती बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पुरेल, हे ज्यांनी दुर्बिणीवाचून ठरवलं, त्यांच्या पारी, म्हणजे तलावाचे मातीचे बांध, आज दोन-तीनशे वर्षांनीही उभ्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत, याची हळहळ वाटते.

1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी हा मुलूख होरपळल्यावर इंग्रज सरकारही याच वाटेला आलं. घोडाझरी, नलेश्वर, आसोलामेंढा हे मोठे तलाव त्यानंतरच्या दशकांतले. आसोलामेंढा तर आता गोसीखुर्द धरणाच्या कालव्याला जोडला गेला आहे. पण गावाचा जीव अडकलेला असे तो आपल्या तलावात.

पारीच्या पोटातून पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. ते कधी उघडायचं आणि कधी बुजवायचं, हे काम पाणकराचं. रात्री-बेरात्री चिखल तुडवत तो पाटापाटानं फिरे, कुणाच्या बांधीचा धुरा फुटला ते बघे. पाणी आधी कुणाला, मागून कुणाला, याची वहिवाट गावाला पाठ असे. इंग्रजी जमाबंदीच्या काळात गावोगावच्या अशा वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या नोंदपत्रात लिहून घेतल्या गेल्या. त्यात न्याय होताच असं नाही. मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या, बांध्यांना पाणी हटकून पोचे, आणि पारीवर माती टाकायला ज्यांना बोलावलं जाई त्यांच्यातल्या पुष्कळांच्या नावावर एक बांधीही नसे. त्या दिवसांचं गुणगान करताना हे विसरून चालणार नाही.

जमीन नसलेल्यांत मासेमारी करणारे ढिवर आले. त्यांचं शेत म्हणजे तलावच. मालगुजाराला मासोळीचा वाटा द्यायचा आणि उरलेल्यावर घर चालवायचं. मरळ दिवसा कुठं दबा धरते, शिंगूर चिखलात किती खोल जाते, पहिल्या पुराला कोणती मासोळी अंडी टाकायला काठाच्या गवतात येते, हे ज्ञान बापाकडून लेकाकडं डोंग्यात बसूनच जाई. डोंगा म्हणजे एकाच बुंध्यातून कोरलेली होडी; तिच्यात तोल सांभाळत उभं राहून फेकजाळं गोल पसरायला शिकण्यात पोराचे दोन-तीन पावसाळे जात. बाया पाटीत मासोळी घेऊन चार-पाच कोस चालत, घरोघर विकत, बदल्यात कधी पैसे, बहुतेकदा धान घेत. उरलेली मासोळी उन्हात वाळे. हिवाळ्यात शिंगाड्याचे वेल, उन्हाळ्यात तळ उघडा पडला की पोवनाचे कांदे. भाताच्या ताटलीत काही नसलं तरी झिंग्यांची चटणी असे.

बाकीचं गावही दिवसभर या ना त्या निमित्तानं काठावरच. पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला अख्खं गाव उतरे. पारीवर मातामायचं ठाणं, शेजारी मोहाची झाडं. चैत्रात पहाटे तिथं फुलं वेचायला झुंबड. तलावाचा देवही माणसांच्या अडीअडचणीला धावणारा. ताडोब्याच्या तळ्याची कथा 1909 च्या चांदा जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे: यात्रेकरूंनी काठावर उभं राहून मागितलं, की तळं स्वयंपाकाची भांडी वर पाठवी, वापरून झाली की परत घेई, एका लबाडानं भांडी ठेवून घेतली आणि तेव्हापासून ते बंद झालं. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं व्याघ्र प्रकल्प. आत राहणाऱ्या कित्येक गोंड कुटुंबांना आपली गावं सोडावी लागली.

कार्तिकात धान कापून पुंजणे लागले, की हाती थोडं धान आणि थोडी उसंत असे. मग मंडईच्या जत्रा भरत, दंडार हे लोकनाट्य उभं राही, नाटकं रात्र रात्र चालत. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम आजही दिवाळीनंतरच सुरू होतो आणि त्याचं केंद्र आजही गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ही नाटकं तलावाच्या पाण्यावर वाढली, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. धान पिकलं नसतं तर तिकीट कुणी काढलं असतं? आणि याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या सापडल्या. त्यांतून त्यांनी निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ देशभर पोचला. बांधीतल्या चार लोंब्यांकडं इतक्या जवळून पाहणारी नजर या मातीतच तयार झाली होती.

1951 मध्ये मालगुजारी गेली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या 1950 च्या कायद्यानं तलाव सरकारजमा झाले. जुलमाची एक पायरी मोडली, हे फार चांगलं झालं. पण पारीवर दर उन्हाळ्यात माती कुणी टाकायची, गाळ कुणी काढायचा, पाणकराला धान कुणी द्यायचं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. पुढं लहान तलाव जिल्हा परिषदांकडं आले. गावानं मालकाकडं पाहण्याची सवय सोडून कचेरीकडं पाहण्याची सवय लावून घेतली. तलाव उथळ होत गेले, काठावर बेशरम हे तण माजलं, बुडिताच्या जमिनीवर अतिक्रमणं झाली.

मासोळीचंही चित्र पालटलं. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटकला संप्रेरकाची सुई देऊन माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि त्यातून पुढं कटला, रोहू, मृगळ यांचं बीज मुबलक झालं. ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानं घेऊन त्यांत हे बीज सोडू लागल्या. कुटुंबांना रोख पैसा दिसला, आणि तो हवाच होता. मात्र तलाव हळूहळू विकाऊ माशांचं टाकं बनला. देशी मासोळी घटली, ठेक्याची रक्कम भरता भरता संस्था मेटाकुटीला आल्या.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, ढिवरांनीच यावर काम सुरू केलं आहे. कोणत्या पाणवनस्पतीत कोणती मासोळी अंडी टाकते, हे जुन्या माणसांना विचारून त्यांनी लिहून काढलं. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, उघडा तळ नांगरायचा, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी वनस्पती त्या चिखलात लावायच्या, असा त्यांचा क्रम आहे. धानाचा रोवणा करणाऱ्या ढिवर बायाच तिथं रांगेत वाकून हा दुसरा रोवणा करतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेकडो तलावांत हेच करता येईल. माणसं तीच आहेत, चिखल तोच आहे, आणि कोणती मासोळी कोणत्या गवतात येते हे सांगणारे म्हातारे अजून काही गावांत बसलेले आहेत. त्यांना विचारायला यंदाच्या उन्हाळ्यात जायला हवं.