बाटली कधी भरायची

समुद्राचं प्रदूषण मोजणारी स्वस्त उपकरणं यवतमाळ जिल्ह्यात बसून कशाला करता, असं मला अनेकजण विचारतात. पैनगंगा वणी तालुक्यात वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. मुखाशी सगळं मिसळून गेलेलं असतं. गढूळ पाणी कोणत्या नाल्यातून आलं, हे इथेच सांगता येतं.

माझ्या सेन्सरमध्ये एक इन्फ्रारेड एलईडी आणि तिच्याशी काटकोनात बसवलेला फोटोडायोड असतो. पाण्यातल्या कणांवरून प्रकाश जितका बाजूला विखुरतो, तितका गढूळपणा जास्त. महागड्या यंत्राचं तत्त्वही हेच. एलईडी विझवून आधी उन्हाचा उजेड मोजायचा आणि तो वजा करायचा, एवढं मात्र विसरून चालत नाही. पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेवरून कळतात, त्यासाठी स्टीलच्या दोन कांड्या पुरतात. सोबत तापमापक हवाच. एका अंशाला विद्युतवाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पहाटेचं आणि भर दुपारचं तेच पाणी वेगळं भासतं.

खरी मेहनत पुढे आहे. नदीत ठेवलेल्या काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. समुद्रात तर शिंपले चिकटतात. आकडा रोज थोडाथोडा चढत असेल तर ते शेवाळ. एका रात्रीत उसळला तर नाल्याला लोंढा आलाय. हे ओळखायला आलेख रोज पाहावा लागतो आणि काच नेमाने पुसावी लागते. स्वस्त सेन्सरची किंमत ती पुसणाऱ्या माणसाच्या वेळात असते, असं माझं ठाम मत आहे.

कपाशीवर फवारलेलं औषध हा सेन्सर ओळखत नाही. म्हणून त्याला ‘प्रदूषणमापक’ म्हणायला माझा विरोध आहे. पण पहिल्या पावसाचं पाणी शेतातून नाल्यात उतरलं की तो लगेच सांगतो, आणि त्याच घटकेला प्रयोगशाळेसाठी बाटली भरायची असते. दुसऱ्या दिवशी भरलेल्या बाटलीत ते पाणी सापडत नाही.

बेंबळा, अरुणावती या नद्यांच्या काठच्या शिक्षकांनी गढूळपणा मोजायला सेन्सरची वाट पाहू नये. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात दोरीने पांढरी थाळी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. समुद्राचे अभ्यासक आजही ही पद्धत वापरतात. मुलांना सोबत घेऊन, नावेतून, दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी थाळी सोडा आणि खोली तारखेसह लिहून ठेवा. उद्या तिथे सेन्सर बसवला, तर त्याचा आकडा पडताळायला तुमची ती वही लागणार आहे.