जिवंत आमिष

समुद्र आमच्यापासून फार लांब. कोकणात खाडीवर जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावतात. आम्हा कळंबकरांना मांजरा नदी आणि धनेगावच्या धरणाचं पाणी. पण गळाला काय लावायचं याचा घोर तिकडे तसा इकडेही. मासा त्या पाण्यात, त्या दिवसांत जे खातो तेच त्याला द्यावं, आणि तेही धडधाकट, हे माझं ठाम मत.

गांडूळ शिंगट्याला चालतं, वांबीला चालतं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की ती खोल जातात. मग हापशाच्या सांडपाण्याजवळ, नाहीतर उसाच्या पाटाकडेला उकरायचं. जाडजूड गांडूळ मी घेत नाही. तळहातावर ठेवल्यावर आखडून लगेच लांब होणारं, बारकं बरं. अख्खं ओवत नाही. शेपटाकडचं बोटभर मोकळं सोडतो. मासा त्या वळवळीला भुलतो.

मरळीला मात्र छोटी मासळी लागते. बादलीत हात घातला की जी सुळकन निसटते, तीच निवडायची. सहज हाती लागणारी परत सोडायची. बादलीत पाणी नदीचंच हवं, नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंगनं ती तासाभरातच मलूल होते. गळ पाठीच्या पराखाली, कातडीतून वरच्यावर काढायचा. काट्याला लागला की मासळी कुशीवर पडते, मग ती गळावर असून उपयोग नाही. मरळ हवा घ्यायला वर येते, त्यामुळं तिचा ठाव लागतो. गवताच्या कडेला बुडबुडा दिसला की त्याच्या थोडं पुढं टाकायचं.

२०१६च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथं गळ टाकायचो तिथं तडकलेला गाळ पाहिला. त्याच पावसाळ्यात धरण भरलं खरं, पण तेव्हापासून पिल्लांच्या बाबतीत मी फार कडक झालो. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं घोळक्यानं वर येतात, खाली आईबाप राखण करत असतात. तिथं काहीही टाका, मरळ झडप घालतेच. भुकेपोटी नव्हे, पिल्लांपायी. तिथं आमिषाची पारख कसली! आणि मोठी मरळ उचलली की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. असा घोळका दिसला की मी दोरी गुंडाळून पुढच्या डोहाकडे निघतो आणि काठावर बसलेल्या पोरांनाही सोबत चला म्हणतो.