आतली चावी
‘काचेच्या दाराला सगळ्यात भारी कुलूप कोणतं, तेवढं लिहा. तांत्रिक फार नको,’ असं संपादक म्हणाले. गिऱ्हाईकंही हेच विचारतात. वांगणीत चंदेरीचा डोंगर दिसावा म्हणून लोक हॉलची अख्खी भिंत काचेची करतात, शनिवार-रविवार राहतात, एरवी घर बंद. मग मला बोलावून म्हणतात, पैशाकडे बघू नका, न उघडणारं कुलूप बसवा. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचं साठेक वर्षं अजिंक्य राहिलेलं कुलूप पन्नासहून अधिक तास खपून उघडलं होतं. आपल्याकडचा चोर कशाला एवढा खपेल? शेजारीच काच आहे ना.

म्हणून मी आधी काच कोणती ते विचारतो. ‘टफन्ड आहे, फुटतच नाही,’ हे ठरलेलं उत्तर. टफन्ड काच तापवून झटकन गार केलेली असते. साध्या काचेपेक्षा ती चिवट खरी, पण एकदा गेली की अख्खी जाते, खडीसाखरेसारखी. ती सोय आपण कापले जाऊ नये म्हणून असते, चोरासाठी नव्हे. त्याला तर पूर्ण वाट मोकळी. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पदर असतो. ती तडकते, पण पदराला धरून राहते. आत हात घालायचा तर वेळ जातो आणि आवाज होतो. शिवाय टफन्ड काचेला मागाहून भोक पाडता येत नाही, म्हणजे कुलूप काचेच्या आधी ठरायला हवं. मला मात्र काच बसल्यावरच बोलावणं येतं.

बिनचौकटीच्या दाराला खाली कुलूप असतं, त्याचा दांडा फरशीतल्या भोकात उतरतो. पावसाळ्यात चपलांबरोबर आलेली माती त्या भोकात दडपून बसते. बोटाच्या पेराएवढा उतरायचा दांडा मी नखाएवढाच उतरलेला पाहिलाय. मालक चावी काढून, दार एकदा हलवून, निश्चिंतपणे लोकल गाठतात. स्लायडिंगला आकड्याचं कुलूप हवं आणि वरच्या ट्रॅकमध्ये अडणी हवी, नाहीतर पल्ला उचलला की चाकांसकट बाहेर. चावीचा सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावू नये, पकडीत सापडतो. हे फार तांत्रिक झालं, कबूल.

पण खरं भांडण आतल्या बाजूचं आहे. बाहेरून चावी आणि आतून फिरवायची खुंटी, ही नेहमीची रीत. काचेच्या दाराला चोर काच फोडतो, हात घालतो, खुंटी फिरवतो. त्यावर दुकानदारांचं उत्तर तयार असतं: दोन्हीकडून चावी. माणसं राहतात त्या घराला मी हे बसवत नाही, आणि त्यावरून धंद्यातल्या मित्रांशी माझे खटके उडतात. धुरात चावी शोधायची कोणी? ‘इथेच तर ठेवली होती’ हे वाक्य सगळ्या घरांत असतं. बाहेर पडायचं दार आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे, हे राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिलेलंच आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ माणसं गेली, बाल्कनीतल्यांना दार बंद सापडलं होतं. घराचं आणि थिएटरचं काय, असं लोक म्हणतात. धुराला तो फरक कळत नाही. लॅमिनेटेड काच घ्या, खुंटी हात पोचणार नाही अशी खाली बसवा, वर आणखी एक कडी द्या. खर्च वाढतो, पण तो काचेवर वाढतो, कुलपावर नाही. हेच लोकांना पटत नाही.

स्टेशनच्या पूर्वेला एका निवृत्त जोडप्याला मी असा नकार दिला. शेजारचा बंगला फुटल्यापासून काकूंना झोप नव्हती. काका म्हणाले, ‘तुम्ही आगीचं सांगता, आम्ही रोज रात्री चोराला घाबरतो.’ आठवड्याभरात त्यांनी दुसऱ्याकडून दोन्हीकडून चावीचं बसवून घेतलं. काकू आता झोपतात म्हणे. चावी काकांच्या उशाखाली असते आणि काका पहाटे फिरायला जातात. मी त्या गल्लीतून गेलो की दार बघतो.

वांगणीत अंध कुटुंबं बरीच आहेत. त्यातल्या एका गृहस्थांनी मुलीच्या हट्टापायी पुढचं दार काचेचं केलं. दुकानात मी त्यांच्यापुढे टचचं डिजिटल कुलूप ठेवलं, तर त्यांनी पाटीवरून बोटं फिरवून ते बाजूला सारलं. ‘सगळीकडे सारखंच लागतंय. बंद झालं हे कशावरून समजायचं?’ मग खुंटीचं घेतलं. आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे उघडी, हे त्यांनीच मला सांगितलं. गुळगुळीत गोल खुंटी परत करून पाकळीवाली मागितली, ती बदलापूरहून आणावी लागली. लॅमिनेटेड काचेचे जादा पैसेही कुरकुर न करता दिले. हँडल मात्र सगळ्यात स्वस्तातलं. ‘चमकतं की नाही,’ म्हणाले, ‘ते शेजारी बघतील.’